आयटीआय आणि हुनराच्या कोर्सला सरकारी मदत : कोणाला, किती आणि कशी मिळवायची

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांमध्ये दोनच वाटा बोलल्या जातात. टक्के बरे आले तर अकरावी, नाहीतर 'गॅरेजवर बसव, काम शिकेल.' मधली एक वाट असते, ती आयटीआयची. एक-दोन वर्षांचा कोर्स, हातात राष्ट्रीय पातळीवरचं प्रमाणपत्र आणि पुढे अप्रेंटिसशिप. ही वाट माहीत असूनही अनेक पालक सोडून देतात. कारण एकच सांगतात : 'सर, फी कुठून आणायची? आणि मुलगा शिकायला गेला तर त्याची रोजी बुडते.'

पवनी तालुक्यात आसगाव आणि आजूबाजूच्या चौरास भागात धानाच्या हंगामावर घर चालतं. हंगाम संपला की मजुरी, मिस्त्रीकाम, फेरी, बिडी. अशा घराला टक्क्यांवर मिळणाऱ्या स्कॉलरशिपचा फारसा उपयोग नाही. त्यांना हवी घरच्या उत्पन्नावर मिळणारी मदत. ती सरकारकडे आहे, एकापेक्षा जास्त आहे. पण ती वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली आहे, आणि आपल्यातले बरेच जण 'मायनॉरिटी स्कॉलरशिप' एवढ्याच नावाची वाट बघत बसतात. म्हणून हा लेख. जपून ठेवा, दहावीत मूल असलेल्या नातेवाइकांनाही वाचून दाखवा.

आधी हे समजून घ्या : कोणता कोर्स चालतो?

सरकारी मदत मिळते ती मान्यताप्राप्त कोर्सला. आयटीआय म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. केंद्राची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून सुरू आहे, आणि महाराष्ट्रात व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय या संस्था चालवतं. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, संगणकाचा कोपा, सुईंग टेक्नॉलॉजी हे एक वर्षाचे. वेल्डर, वायरमन, सुईंग टेक्नॉलॉजी यांसारख्या काही ट्रेडना दहावी नापास मुलालाही प्रवेश मिळतो. किमान वय १४ वर्षे. म्हणजे दहावीत अडकला म्हणून सगळं संपलं, असं नाही.

गावात किंवा तालुक्याला 'सहा महिन्यांत सर्टिफिकेट, शंभर टक्के नोकरी' असे बोर्ड दिसतात. त्यातले सगळे खोटे नसतात. पण तिथे फी भरण्याआधी एक प्रश्न विचारा : 'तुमच्या कोर्सला कोणत्या मंडळाची मान्यता आहे, आणि महाडीबीटीवर तुमच्या संस्थेचं नाव येतं का?' उत्तर गोलगोल आलं तर समजा की फी खिशातूनच जाणार.

मदतीचे चार दरवाजे

घरची परिस्थिती तीच असली, तरी मदत कोणत्या दरवाज्यातून येईल हे तुमचा प्रवर्ग आणि आई-वडिलांचं काम यावर ठरतं.

पहिला दरवाजा : फीची प्रतिपूर्ती. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या योजना आहेत. त्यांत आयटीआयच्या विद्यार्थ्याची प्रशिक्षण फी सरकार भरतं, पूर्ण किंवा काही टक्के. मागास प्रवर्गांसाठी वेगळ्या योजना आहेत आणि खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठीही आहे. खुल्या प्रवर्गासाठी घरच्या उत्पन्नाची वरची मर्यादा वर्षाला ८ लाख रुपये आहे. म्हणजे 'आम्ही ओपनमध्ये येतो, आम्हाला काही मिळत नाही' हे चूक आहे.

इथे एक अट सगळ्यात महत्त्वाची. जागा केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली हवी. खासगी आयटीआयमध्ये कोणी म्हणालं, 'राउंडची वाट कशाला बघता, आजच व्यवस्थापन कोट्यातून पक्कं करून टाकू,' तर थांबा. त्या जागेवर गेलात की प्रतिपूर्तीचा हक्क गेला. घाईत घेतलेल्या एका सहीची किंमत पुढे पूर्ण फीइतकी पडते.

शासकीय आयटीआयची फी मुळातच खासगीपेक्षा खूप कमी आहे. त्यामुळे ऑप्शन फॉर्म भरताना आधी पवनी, भंडारा आणि जवळच्या तालुक्यांच्या शासकीय संस्था लिहा, खासगी नंतर.

दुसरा दरवाजा : विद्यावेतन. शासकीय आयटीआयत शिकणाऱ्या मुलांना दरमहा मिळणारं विद्यावेतन वर्षानुवर्षं ४० रुपये होतं. एवढ्यात चहाही नीट होत नाही. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते ५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. घर चालेल एवढी ही रक्कम नाही, पण येण्या-जाण्याचा काही भार निघतो. प्रवेशाच्या दिवशीच संस्थेच्या ऑफिसात विचारा की यासाठी कोणता फॉर्म आणि कोणते कागद लागतात.

तिसरा दरवाजा : ओबीसी आणि ईडब्ल्यूएस. हा दरवाजा आपल्या समाजात सगळ्यात कमी वापरला जातो.

महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत अनेक मुस्लिम बिरादऱ्या आहेत : मोमीन, अन्सारी, जुलाहा, पिंजारी, मन्सुरी, नदाफ, बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, कुरेशी-कसाई आणि इतरही. छप्परबंद विमुक्त जातींत येतात. इथे आडनावाने फसू नका. 'शेख' हे आडनाव आहे, बिरादरी नाही. शेख आडनावाचं घर पिंजारी असू शकतं, बागवान असू शकतं. दादा-परदादा काय काम करायचे, जुन्या दाखल्यावर काय लिहिलं होतं, हे घरातल्या बुजुर्गांना विचारा.

ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. अडचण अशी की जुन्या शाळांच्या रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. मग वडिलांच्या बाजूच्या सगळ्यांचे कागद शोधावे लागतात : आजोबा, चुलत आजोबा, आत्या, काका. आपल्या विदर्भात कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींत, बिरादरीचा उल्लेख अनेकदा सापडतो. तहसील कार्यालयातून त्याची नक्कल मिळते. एका चुलत भावाचा दाखला निघाला की बाकीच्यांचं काम सोपं होतं. त्यामुळे हे काम एकेकट्याने करू नका, सगळं खानदान मिळून करा.

दाखला निघाला की आयटीआय प्रवेशात आरक्षण, इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या योजना आणि केंद्राच्या पीएम यशस्वी योजनेतली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असे रस्ते उघडतात. पीएम यशस्वीला उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये आहे. सोबत नॉन-क्रिमी लेयर दाखलाही काढून ठेवा.

कोणत्याच आरक्षणात बसत नसाल तर ईडब्ल्यूएस आहे. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीनंतर आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण आलं. त्यात धर्माची अट नाही. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि घर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून महाराष्ट्रातलं असल्याचा पुरावा हवा. सय्यद, पठाण, मिर्झा अशा बिरादरीबाहेरच्या घरांनी हा दाखला काढायलाच हवा.

काही पालक अजून विचारतात, 'ते मुस्लिमांचं ५ टक्के आरक्षण आहे ना?' ते जुलै २०१४ च्या अध्यादेशाने दिलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये शिक्षणापुरतं ते चालू राहू दिलं. पण अध्यादेशाचं कायद्यात रूपांतर झालं नाही आणि तो संपला. आज त्या नावाने फॉर्म भरता येत नाही. जो हक्क आज हातात आहे, तो आधी घ्या.

चौथा दरवाजा : आई-वडिलांच्या कामावरून मिळणारी मदत. भंडारा-गोंदिया हा बिडी आणि तेंदूपत्त्याचा पट्टा. घरात कोणी बिडी कामगार असेल आणि त्याच्याकडे किंवा तिच्याकडे कामगार ओळखपत्र असेल, तर केंद्रीय कामगार मंत्रालयाची मुलांसाठी शिक्षण साहाय्य योजना आहे. घरचं उत्पन्न महिन्याला १०,००० रुपयांच्या आत हवं आणि किमान सहा महिने काम झालेलं हवं. अकरावी-बारावीला वर्षाला ३,००० रुपये, आणि आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा पदवीला ६,००० रुपये मिळतात. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो. घरी बसून बिडी वळणाऱ्या कितीतरी आपा-खालांचं कार्डच काढलेलं नसतं, आणि त्यामुळे मुलांचा हक्क जातो.

वडील मिस्त्री, पेंटर, सेंट्रिंगवाले, टाइल्सवाले असतील तर बांधकाम कामगार मंडळ. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला देऊन नोंदणी करायची, वय १८ ते ६०. नोंदणी चालू असेल तर पहिल्या दोन मुलांना शिष्यवृत्ती आहे. दहावीत किंवा बारावीत ५० टक्के वा जास्त गुण आले तर १०,००० रुपये, मान्यताप्राप्त डिप्लोमाला वर्षाला २०,००० रुपये. दहावीच्या त्या दहा हजारात आयटीआयच्या पहिल्या वर्षाचा गणवेश, बूट, हत्यारं आणि वह्या सहज निघतात. नोंदणीचं नूतनीकरण चुकलं की दावा फेटाळला जातो, त्यामुळे तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मायनॉरिटी स्कॉलरशिपचं काय?

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यानंतर केंद्राने प्री-मॅट्रिक, पोस्ट-मॅट्रिक आणि मेरिट-कम-मीन्स अशा शिष्यवृत्त्या सुरू केल्या. २००८ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र अल्पसंख्याक विकास विभाग झाला. पोस्ट-मॅट्रिकमध्ये आयटीआयही धरलेली होती. उत्पन्न २ लाखांच्या आत आणि मागच्या वर्गात ५० टक्के गुण, अशी अट. ३० टक्के शिष्यवृत्त्या मुलींसाठी होत्या.

मग गोष्टी बदलल्या. २०२२ मध्ये प्री-मॅट्रिक नववी-दहावीपुरती केली गेली. २०२३ मध्ये शेकडो बोगस संस्थांच्या नावाने पैसे उचलल्याचं समोर आलं आणि प्रकरण सीबीआयकडे गेलं. चोरी दुसऱ्यांनी केली आणि फटका आपल्या मुलांना बसला. गेल्या काही वर्षांत या योजनांचे नवे अर्ज मागवणं थांबलेलं आहे. म्हणून या एकाच आशेवर प्रवेशाचा निर्णय टांगून ठेवू नका. पोर्टल पुन्हा उघडलं तर भराच, पण बाकीचे दरवाजे आधी ठोठवा.

राज्याने अल्पसंख्याक मुलांसाठी आणखी एक काम केलं आहे. काही शासकीय आयटीआयमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या पाळीच्या तुकड्या सुरू केल्या, ज्यांत जास्त जागा अल्पसंख्याक समाजासाठी असतात. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत अशा तुकड्यांची यादी असते. फॉर्म भरताना धर्माचा रकाना नीट भरला नाही तर या जागेचा विचारच होत नाही.

मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शिक्षणासाठी पैसे देतं, पण ते कर्ज आहे, अनुदान नाही. कमी दराने का होईना, त्यावर व्याज लागतं. ज्या घरांना सूद चालत नाही त्यांनी हे आधीच समजून घ्यावं, मग ठरवावं.

कागदपत्रं : इथेच गाडी अडते

फॉर्म बाद होण्याची कारणं बहुतेक वेळा छोटी असतात.

नाव. आपल्या नावांचं स्पेलिंग ही मोठी डोकेदुखी. शेख कुठे 'ए'ने, कुठे 'ई'ने. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे 'मो.' आईच्या नावापुढे कुठे बी, कुठे बेगम, कुठे बानो. उर्दू माध्यमाच्या शाळेत नाव उर्दूत बरोबर असतं, पण इंग्रजीत लिहिताना प्रत्येकजण आपल्या मनाने लिहितो. महाडीबीटीवर आधारवरचं नाव येतं, आणि ते दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळायला हवं. मूल आठवी-नववीत असतानाच आधार, शाळेचं रजिस्टर आणि जन्मदाखला समोरासमोर ठेवून बघा. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी शाळेतली दुरुस्ती सोपी असते, नंतर मंडळापर्यंत जावं लागतं.

उत्पन्नाचा दाखला. तहसीलदारांचा हवा. तलाठ्याचा अहवाल जोडून आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करा. सेवा हक्क कायदा २०१५ मध्ये आला. त्याखाली उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. अर्जाची पावती घ्या, मुदत टळली तर त्याच पावतीवर अपील करता येतं. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून एप्रिल-मेमध्येच नवा काढा. निकालानंतर तहसीलमध्ये रांग लागते. आणि आकडा खरा लिहा. एका कागदावर साठ हजार आणि गाडीच्या कर्जासाठी भरलेल्या रिटर्नमध्ये चार लाख, असं दिसलं तर मुलाची मदत जाते आणि वडिलांवर कारवाई होऊ शकते. मर्यादा ८ लाखांची असताना खोटं लिहायची गरजच काय?

बँक खातं. खातं मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या नावाचं हवं आणि आधारशी सीड झालेलं हवं. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. बँकेत स्पष्ट सांगा, 'डीबीटीसाठी आधार सीडिंग करून द्या.' जमत नसेल तर पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडा, पोस्टमन घरी येऊनही उघडून देतो. दोन बँकांत खाती असतील तर पैसा शेवटी सीड केलेल्या खात्यात जातो. मग लोक दुसऱ्याच पासबुकात शोधत बसतात.

बाकीचे कागद : अधिवास दाखला, रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, प्रवेश अलॉटमेंटचं पत्र, फीची पावती, आणि एखादं वर्ष मध्ये गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

फॉर्म भरल्यावर काम संपत नाही

महाडीबीटीवर अर्ज आधी संस्थेच्या टेबलावर जातो, मग विभागाकडे. काही चूक असेल तर तो परत विद्यार्थ्याकडे येतो. बऱ्याच मुलांचा अर्ज महिनोनमहिने 'परत पाठवला' असाच पडून राहतो आणि घरचे म्हणतात, 'सरकारने पैसे दिले नाहीत.' आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्टेटस बघा. पासवर्ड सेतुवाल्याकडे ठेवू नका, घरच्या वहीत लिहा. नोंदणीला घरातलाच मोबाइल नंबर द्या, कारण ओटीपी त्यावरच येतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, तो आपोआप होत नाही.

एकाच फीसाठी दोन योजनांतून पैसे घेता येत नाहीत. त्यामुळे कोणत्या योजनेत जास्त मिळतं ते आधी बघून मगच अर्ज करा.

आणि खरं सांगायचं तर पैसा उशिरा येतो. कधी वर्षाच्या शेवटी, कधी त्याहून पुढे. म्हणून प्रवेशाच्या दिवशी लागणारी रक्कम वेगळी तयार ठेवा. सरकारी आयटीआय असेल तर ती फार नसते. एसटीचा विद्यार्थी पास ६६.६७ टक्के सवलतीत मिळतो, आसगाव-पवनी रोजच्या येण्या-जाण्याला तो मोठा आधार आहे.

तीन घरं, तीन रस्ते

उदाहरणं घेऊन बघू. समजा एका घरात वडील सेंट्रिंगचं काम करतात, बिरादरी पिंजारी. मुलाला दहावीत ५४ टक्के. या घराने बांधकाम मंडळाचे १०,००० रुपये मागावेत, ओबीसी दाखल्यावर इलेक्ट्रिशियनची शासकीय जागा बघावी आणि फीसाठी ओबीसीची योजना लावावी.

समजा दुसऱ्या घरात आई बेवा, बिडी वळते. मुलगी दहावीत नापास झाली. सुईंग टेक्नॉलॉजी किंवा वायरमन यांसारख्या ट्रेडला प्रवेश, आईच्या बिडी कार्डावरच्या मदतीची चौकशी, आणि मुलीच्या नावाचं आधार-सीड खातं. इथे पहिलं काम एकच : आईचं कार्ड.

समजा तिसरं घर पठाणांचं, वडिलांचं छोटं दुकान. ओबीसीत नाही. ईडब्ल्यूएस दाखला, केंद्रीय प्रक्रियेतून जागा आणि खुल्या प्रवर्गाची फी प्रतिपूर्ती. हे घर 'आपल्याला काही नाही' म्हणून सगळ्यात आधी हात वर करतं, पण त्याच्यासाठीही रस्ता आहे.

पुढे काय?

दोन वर्षांचा आयटीआय पास झालेला मुलगा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊ शकतो. तिथे आरक्षणाची जागा घ्यायची तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे त्याची तयारी आयटीआय चालू असतानाच करा. नोकरीच्या बाजूने बघाल तर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात आणि त्यांना विद्यावेतन द्यावं लागतं. आपल्या जिल्ह्यातच जवाहरनगरची आयुध निर्माणी, गडेगावचा अशोक लेलँडचा कारखाना, वरठीचा सनफ्लॅग आहे, आणि नागपूरकडे बुटीबोरी, हिंगणा. महावितरण आणि रेल्वेच्या भरत्याही निघतात. तिथे पहिली अट आयटीआयचं प्रमाणपत्र हीच असते. गॅरेजवर दहा वर्षं काम केलेला हुशार हातही त्या एका कागदाशिवाय गेटबाहेर राहतो.

मुलगा गॅरेजवर गेला तर आजपासून घरात पैसे येतात, हे खरं आहे आणि गरिबाला ते नाकारता येत नाही. पण दोन वर्षांचा हिशोब मांडून बघा. एका बाजूला रोजची मजुरी. दुसऱ्या बाजूला भरली गेलेली फी, थोडं विद्यावेतन, सवलतीचा पास आणि आयुष्यभर चालणारा दाखला. हा निर्णय जूनच्या धांदलीत घेऊ नका. मूल नववीत असतानाच उत्पन्नाचा दाखला, बिरादरीचा कागद, नावाची दुरुस्ती आणि बँक खातं ही चार कामं करून ठेवा. मग दहावीचा निकाल काहीही लागला, तरी दरवाजा उघडा असेल.